सात नंबरची टकटक

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही ट्रकची. तेल कधी बदललं, टायर कधी फिरवले, ब्रेक कधी टाकले, एवढंच हिच्यात असतं. रडगाणं लिहायची मला सवय नाही. आज चार ओळी जास्त लिहितोय त्या नेल्डामुळे.

डायलिसिसहून तिला घेऊन येत होतो. पुलापुढच्या चढावर म्हणाली, "इंजिन टकटक करतंय."

मी म्हणालो, "काही करत नाही."

"करतंय, व्हर्लिन. शिलाई मशीनसारखं. शनिवारीही करत होतं."

आता हिला काय सांगायचं? एकतीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत छताला बोल्ट मारले. बोल्ट मारायच्या आधी लोखंडी कांबीने छत ठोकायचं आणि आवाजावरून सांगायचं, भरीव आहे की पोकळ. मी पोकळ म्हटलं की फोरमनसुद्धा मागे सरायचा. या कानांमुळे नऊ-दहा माणसं आपापल्या पायांनी घरी गेली आहेत. आणि बायको मला आवाज शिकवते!

तरी घरी आल्यावर बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला. नेहमीची घरघर. तेल बरोबर. पाणी बरोबर. एक लाख चौऱ्याऐंशी हजार मैल.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज परत तेच. "ऐक, ऐक, आता बघ." मी रेडिओ बंद केला, काच खाली केली. काही नाही. बरं म्हटलं आणि सोडून दिलं.

पण घोर लागलाच. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अडतीस मैल जायचं, चार तास ती मशीनवर, अडतीस मैल यायचं. दोन वर्षं आठ महिने झाले. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलंय, हे थांबलं तर दहा-बारा दिवस, फार तर दोन आठवडे. घरात दुसरी गाडी नाही. काउंटीची व्हॅन आहे, पण ती प्रत्येक खोऱ्यात शिरून माणसं गोळा करत जाते. मशीनवरून उतरलेल्या माणसाला दोन तास आदळत आणायचं ही काय रीत झाली? मी हातीपायी धड असेपर्यंत नेल्डा व्हॅनने जाणार नाही. ट्रक बंद पडून चालायचंच नाही.

येताना ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी बोलत होती. काचेशी बोलायची तिची सवयच आहे. माझं लक्ष वळणांवर. मी आपला "बरं, बरं" म्हणत होतो. मग तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. दमली की हळवी होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

एस्टिल आला होता. माझा चुलतभाऊ, खालच्या वळणावर राहतो, पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "काय रे, तुझा ट्रक माझ्या अंगणापर्यंत ऐकू येतो. टॅपेट वाजतायत की काय?"

म्हणजे आवाज आहे तर. मी म्हणालो, "माहीत आहे मला. टॅपेट नव्हे, एग्झॉस्टचा बोल्ट तुटलाय. इंजिन गार असताना वाजतो, गरम झालं की बंद."

हे मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. पण या ट्रकांना हा रोग असतोच, त्यामुळे अगदीच हवेत बोललो असंही नाही.

एस्टिल म्हणाला, "माझ्याकडे ती डबी आहे, गाडीला जोडली की काय बिघडलंय ते सांगते. आणू?"

"तुझी डबी तुझ्याजवळ ठेव. मला कान आहेत."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

बोल्ट खरंच तुटलेला निघाला! मागचा, डाव्या बाजूचा. मी नाही म्हटलं होतं?

काढायला मात्र जीव गेला. डोकं उडालेलं, धड आतच अडकलेलं. चाकाच्या कमानीतून हात घालून ड्रिल मारायचं, तेही आरशात बघून. मंगळवारी संध्याकाळी सुरू केलं, आज दुपारी डायलिसिसहून आल्यावर संपलं. कंबर अशी धरलीय की बुटाचे बंद नेल्डाने सोडले.

कॉम्प्रेसर चालू असताना ती अंगणात आली होती. एप्रनला हात पुसत उभी राहिली आणि बोलायला लागली. लांबलचक काहीतरी. आता मी त्या खाचेत, ड्रिलचं टोक तुटेल या भीतीने अर्धमेला, तेव्हा कुठे थांबणार? मान हलवली, अंगठा दाखवला. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेही मान हलवली आणि आत गेली. जेवणाचं विचारत असेल. जेवायला घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव होता, माझ्या आवडीचा.

१४ ऑक्टोबर, शनिवार

"गेली ना टकटक?" मी मोठ्या ऐटीत विचारलं.

"नाही गेली."

"अगं, तुटलेला बोल्ट मी हातात धरून दाखवला तुला!"

"बोल्ट तुटला असेल. टकटक आहे तशीच आहे."

मी म्हणालो, "तुझ्या कानात त्या डायलिसिसच्या मशीनचा आवाज बसलाय." ती म्हणाली, "आणि तुझ्या कानात काय बसलंय?" मग अडतीस मैल कोणीच बोललं नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

टॅम्राचा फोन होता, ओहायोहून. थँक्सगिव्हिंगला येते म्हणाली, एवढं कळलं. बाकी पोरगी पिंपात बसून बोलल्यासारखी. हा फोनही गेला कामातून. नेल्डाकडे दिला तर त्या दोघी तासभर बोलल्या. शेवटी नेल्डा डोळे पुसत होती. आई-लेकींचं काय चाललेलं असतं, देव जाणे.

या वर्षी रातकिडे लवकर गेले. कुठेतरी फवारणी झाली असणार.

संध्याकाळी नेल्डाने मला पावासारखी मऊ बिस्किटं करायला लावली. मी म्हणालो, पंचेचाळीस वर्षं तू करतेस, आता माझ्या हाताला ग्रीसचा वास, कशाला? "ये इकडे, कणीक फार मळायची नाही, नुसती गोळा करायची," म्हणून माझे हात धरून करून घेतली. दगड झाले. तिने दोन खाल्ली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

झालं. व्हायचं तेच झालं.

पुलाच्या चढावर ट्रक एकदम थरथरायला लागला, जोर गेला, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मिसिंग मारतोय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मागे लाकडाच्या ट्रकची रांग, माणसं भोंगे वाजवतायत (हात बाहेर काढून शिव्या देत होती म्हणून कळलं), आणि नेल्डा पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. वीस मैलांच्या वेगाने पोचलो. चाळीस मिनिटं उशीर. नर्सने तिला साडेतीन तासच बसवलं, पुढच्याची वेळ झाली म्हणून. माझ्या ट्रकमुळे तिची अर्ध्या तासाची सफाई बुडाली.

एस्टिलने डबी आणली. या वेळी मी आणू दिली. डबी म्हणाली, सात नंबरचं सिलिंडर काम करत नाही.

शहरातल्या मेकॅनिकला फोन केला होता, नेल्डाने. डिसेंबरात नंबर लागेल म्हणे. बरंच झालं. आमच्या खोऱ्यात इंजिन दुसऱ्याकडून खोलून घेतलं असं आजवर कोणाच्या घरी झालेलं नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी व्हॅन आली. मी पडवीत उभा राहिलो. नेल्डाने हात केला. मी केला नाही.

दुपारी तीनला परत आली. मला वाटलं, अर्धमेली उतरेल. तर हसत उतरली. "मागे एक म्हातारी बसते, तिच्या सुनेची गोष्ट ऐकली असतीस तर... आम्ही वाटभर बोलत आलो." मग म्हणाली, "व्हॅन इतकी वाईट नाही रे."

मला ते लागलं. इतकी वर्षं मी नेतोय-आणतोय त्याचं काहीच नाही का?

२३ ऑक्टोबर, सोमवार

सात नंबरचा प्लग आणि कॉइल काढून पाचला बसवली, पाचची सातला. बिघाड प्लगमध्ये असता तर पाचवर गेला असता. नाही गेला. सातलाच चिकटून राहिला. म्हणजे रोग वर नाही, आत आहे.

एस्टिल कामावर होता. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तासभर वाकलो. नेल्डा खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसली, शाल गुंडाळून. म्हणाली, "मला दे."

"तुला काय कळणार?"

"दे रे. बघू तर."

स्क्रूड्रायव्हर तिला जड होता, म्हणून झाडूचा दांडा दिला. मी दांड्याचं टोक इंजिनवर एकेका जागी ठेवत गेलो, दुसरं टोक तिच्या कानाशी. ती डोळे मिटून बसली होती. इथे नाही. इथे नाही. इथे थोडं. आणि डाव्या बाजूला सगळ्यात मागे नेलं तेव्हा तिने दांडाच झटकला. "अगं बाई! इथे! हातोडी मारल्यासारखं! तुला हे ऐकू येत नाही?"

"येतं की. खात्री करून घेत होतो."

सात नंबर. डबीने सांगितलं तेच. पण डबीने टकटक ऐकली नव्हती, हिने ऐकली. टॅपेटच. बेट्या एस्टिलचं पहिल्याच दिवशी बरोबर होतं. बोल्टच्या नादात मी आठवडा घालवला आणि तेवढे दिवस ते आत एकमेकांना खात बसले. झक मारली आणि बोल्ट काढला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासलं. सगळ्या सिलिंडरांना बरं आहे, सातला जवळजवळ शून्य. टॅपेट कव्हर काढलं. एस्टिल खालून पान्याने इंजिन फिरवत होता, मी वर बघत होतो. सगळे रॉकर एकामागून एक मान डोलावतात, सातचा एक ढिम्म.

समजायला सोपं आहे. खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्याच्या उंचवट्यावरून लिफ्टर किंवा टॅपेट नावाची बोटभर लांब दांडी वर-खाली होते, खालच्या टोकाला बारीक चाक असलेली. लिफ्टर सळई ढकलतो, सळई रॉकर हलवते, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. लिफ्टर आत बसकला की वरचं सगळं नुसतं बघत राहतं. पेट्रोल वाचवायला या इंजिनाच्या चार सिलिंडरांचे लिफ्टर मुद्दाम असे केलेत की सपाट रस्त्यावर ते आपण होऊन गप्प बसतात. त्यांतलाच हा एक. गप्प बसला तो बसलाच.

म्हणजे हेड, इंजिनाचं अख्खं डोकं, खोलायचं. अडुसष्टाव्या वर्षी, पत्र्याच्या शेडमध्ये, थंडी तोंडावर.

२९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पास्टर पुटपुटत होते. पूर्वी कसे खणखणीत बोलायचे. सगळे हसले तेव्हा मी हसलो.

घरी आलो तर नेल्डा टेबलाशी बसून टोमॅटो खात होती. कच्चे असताना वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते ते, आता पिकलेले. मीठ लावून. एक नाही, तीन! टोमॅटो तिला विषासारखे, नर्सने भिंतीवर यादी लावलीय. मी ओरडलो. ती हसली, रस हनुवटीवर. काहीतरी म्हणाली, नळ चालू होता. मग नळ बंद करून माझ्याकडे बघून म्हणाली, "तू यावर काही बोलणार आहेस की नाही?"

मी म्हणालो, "काय बोलायचं? तुझं तू ठरव. तुझ्या मनासारखं कर."

टोमॅटोवरून कोण भांडत बसणार? ती उठली, मागून माझ्या गळ्यात हात टाकले आणि तशीच उभी राहिली. माझा शर्ट ओला झाला.

१ नोव्हेंबर, बुधवार

हेड निघालं. दोन दिवस गेले. नळ्या, वायरी, वरचं अख्खं प्लास्टिकचं जंगल. सळया क्रमाने मक्याच्या लाह्यांच्या खोक्याला भोकं पाडून खोचल्या, शेजारी नंबर लिहिले. हेड उचलताना एस्टिल म्हणाला, "कमरेतून नको, पायातून." मला शिकवतोय. पण कमरेतूनच उचललं गेलं आणि आता झोपून लिहितोय.

लोहचुंबकाने लिफ्टर ओढून काढले. सात नंबरचा येईचना. आला तेव्हा त्याचं चाक एका बाजूने चपटं झालेलं, आतल्या बेअरिंगच्या सुया गायब. मी खाली बोट घालून कॅमच्या उंचवट्यावरून नख फिरवलं. श्वास रोखून. नख अडकलं असतं तर कॅमही बदलायचा, म्हणजे पुढचं सगळं इंजिन उघडायचं, म्हणजे डिसेंबर.

नाही अडकलं. पुन्हा फिरवलं. गुळगुळीत. एस्टिलनेही फिरवून बघितलं आणि टोपी काढून आकाशाकडे बघितलं.

एस्टिल म्हणाला, सोळाच्या सोळा बदलू, दोन्ही बाजूंचे. मी नाही म्हणणार होतो. पण छतात एक बोल्ट पोकळ लागला की आम्ही अख्खी रांग तपासायचो. सोळा मागवले.

४ नोव्हेंबर, शनिवार

नेल्डा व्हॅनने गेली, व्हॅनने आली. आता मी हात करतो.

तिने रजई शिवायची मोठी चौकट शेजारणीला देऊन टाकली. म्हणाली जागा अडते. बरण्या पुसून नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्यात, माझ्या नजरेच्या उंचीला. एवढी आवरासावर करायची ताकद कुठून येते कोण जाणे. तब्येत सुधारतेय म्हणावं तर चेहरा मातीसारखा.

८ नोव्हेंबर, बुधवार

नवे लिफ्टर आले. रात्रभर तेलात भिजवायचे असतात. पसरट भांडं हवं होतं. नेल्डाने आपली ॲपल-पाय करायची काचेची थाळी दिली, तिच्या आईची.

"वास जायचा नाही हिचा," मी म्हणालो.

"असू दे. मला नाही लागत आता."

अशी बायको मिळायला नशीब लागतं, हेही लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्या बाजूचं हेडही खोललं. दोन्ही बाजूंचे लिफ्टर आत. हेड बसवले. हेडचे बोल्ट नवेच लागतात, एकदा ताणले की जुने बिनकामाचे. टॉर्क पाना लावून क्रमाने, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. एस्टिल नंबर वाचून दाखवत होता. मी दोनदा चुकीच्या बोल्टवर गेलो. तिसऱ्यांदा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि बोटांनी दाखवायला लागला. मी विचारलं, असं का करतोस? म्हणाला, "उगीच."

हाताची कातडी बोटांच्या सांध्यांवर उरलेली नाही. झोप येत नाही, जाग येत नाही. एकच डोक्यात: मंगळवारी नेल्डाला मी नेणार.

१२ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर एस्टिल आला. पेट्रोलचा फ्यूज काढून इंजिन नुसतं फिरवलं, तेलाचा काटा वर येईपर्यंत. मग फ्यूज लावला. मी किल्ली फिरवली.

चालू झालं! पहिल्या झटक्यात! सांडलेलं तेल जळून धूर झाला, तो निघून गेला. मी खाली उतरून बॉनेटपाशी उभा राहिलो. नवे लिफ्टर पहिली काही मिनिटं वाजतातच, तेल भरेपर्यंत. मग थांबायला हवेत. नाही थांबले तर सगळं पुन्हा खोलायचं.

मी मान तिरपी करून ऐकत होतो. एस्टिल माझ्याकडे बघत होता.

"थांबलं?" त्याने विचारलं. त्याच्या ओठांवरून कळलं.

"थांबलं," मी म्हणालो. "बघ, मांजरासारखं घुरघुरतंय."

एस्टिल जवळ आला, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "अजून वाजतंय, व्हर्लिन. जोरात वाजतंय."

आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. चार मिनिटं असतील, पाच असतील. मला काय कळणार? मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्याने बोट वर केलं. "आता. आता थांबलं."

मी म्हणालो, "घरी जा."

गेला नाही. टोपी मागे सारली, केसांत बोट घातलं आणि कानातून वाटाण्याएवढं काहीतरी काढून तळहातावर धरलं. म्हणाला, "दोन वर्षं झाली. मला वाटलं तू बघितलं असशील. खाणीने सगळ्यांचेच कान घेतले रे. तूच तेवढा कबूल करत नाहीस."

१३ नोव्हेंबर, सोमवार

म्हणजे रातकिडे होते या वर्षी. फोन चांगला आहे. पास्टर तसेच बोलतात.

खाणीतली शेवटची दोन-तीन वर्षं मी छत ठोकून 'भरीव' म्हणायचो, ते ऐकून म्हणायचो की सवयीने? सकाळपासून हेच डोक्यात आहे. छत पडलं नाही, एवढंच.

नेल्डाला अजून सांगितलं नाही. काय तोंडाने सांगू? उद्या ट्रकमध्ये सांगेन.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

व्हॅनला येऊ नको म्हणून कळवलं. सकाळी नेल्डाला मी हात धरून ट्रकमध्ये बसवलं. चढावर ट्रक नुसता चढला. तिने कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही वाजत. मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. जाताना काही सांगितलं नाही. म्हटलं, हिचा आनंद कशाला मोडा, येताना सांगू.

ती मशीनवर बसल्यावर नर्सने मला बाजूला बोलावलं. माझा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलली, डोळ्यांत पाणी. मी मान हलवली. मग तिने एक कागद दिला, नवऱ्याची सही इथे म्हणून.

कागद वाचायला कान लागत नाहीत. नेल्डाचं नाव होतं. उपचार आपल्या इच्छेने थांबवत आहे, असं होतं. शेवटचा दिवस, शनिवार, २५ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगनंतर दोन दिवसांनी. खाली: पतीशी चर्चा झाली असून त्यांची संमती आहे.

सही केली नाही. घडी घालून खिशात टाकला. चार तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो.

येताना पुलाच्या अलीकडे, नदीकडे गाडी लावायला जागा आहे तिथे ट्रक थांबवला. इंजिन बंद केलं. कागद तिच्या मांडीवर ठेवला.

म्हणालो, "नेल्डा, मला ऐकू आलं नव्हतं."

"कधी?"

"कधीच. हे तू जेव्हा जेव्हा म्हणालीस तेव्हा. मला ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून येत नाही."

ती मग माझ्याकडे वळली, पूर्ण वळली, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी तीनदा सांगितलं. इथेच सांगितलं पहिल्यांदा. तू बरं म्हणालास. अंगणात सांगितलं, तू अंगठा दाखवलास. त्या रविवारी सांगितलं, तू म्हणालास तुझ्या मनासारखं कर. मला वाटलं, किती सहज म्हणाला. मला वाटलं, हाही दमला माझ्यापायी. सुटला एकदाचा म्हणून बरं म्हणतोय."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. खाणीत भाऊ गेला तेव्हाही रडलो नव्हतो. ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती. आजारी ती, आणि पाठ माझी.

मग मी म्हणालो, "ते बरं धरू नकोस. ते न ऐकता म्हटलेलं आहे."

ती म्हणाली, "नाही धरत." नाक पुसलं. मग माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, जवळ, इतकं की तिच्या चष्म्यात मला माझे दोन्ही कान दिसत होते. "आता ऐक मग. मी दमलेय, व्हर्लिन. ट्रक नाही, व्हॅन नाही, तू नाही. मी दमलेय. टॅम्रा येऊ दे, आपण तिघं जेवू. त्यानंतर मला घरी राहायचंय. तू हो म्हण."

ट्रक बंद होता. वारा नव्हता. नदीसुद्धा आटलेली.

मी म्हणालो, "काय?"

तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, न चिडता, आणखी मोठ्याने. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.